मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोम झालाय? घरी रोज काय बघायचं, काय लिहायचं आणि कधी दवाखाना गाठायचा

दोन ते सहा वर्षांच्या पोराचे डोळे सकाळी उठल्या उठल्या सुजलेले दिसतात, दुपारपर्यंत जरा उतरतात, घरचे म्हणतात रात्री काहीतरी चावलं असेल, मग डोळ्यांचे ड्रॉप्स आणि ॲलर्जीचं औषध सुरू होतं आणि आठ-दहा दिवसांनी पाय सुजतात, पोट फुगतं, चड्डीचं इलॅस्टिक कमरेवर रुततं. बऱ्याच घरात आजीला तर आनंदच होतो, पोर बाळसं धरतंय म्हणून. ते बाळसं नसतं हो, अंगात साठलेलं पाणी असतं. अशा वेळी सगळ्यात आधी करायची ती लघवीची तपासणी, साधी युरिन रूटीन, कुठल्याही लॅबमध्ये होते, आणि त्यात प्रोटीन 3+ किंवा 4+, म्हणजे खूप जास्त, आलं तर ड्रॉप्स बिप्स बाजूला ठेवून त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांकडे जायचं.

माझ्या मुलीला हा आजार आहे, नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून प्रोटीन लघवीत गळत राहतं तो. हे लिहितेय ते ज्यांना नुकतंच निदान कळलंय आणि केबिनमधून बाहेर येताना अर्धंच डोक्यात शिरलंय अशा आईबाबांसाठी. औषध कुठलं आणि किती हे डॉक्टर ठरवणार, त्यात आपण पदरचं काही घालायचं नाही. पण रोज सकाळची लघवी तपासून वहीत लिहिणं हे काम फक्त आपलंच आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की या आजारात तेच सगळ्यात मोठं काम आहे, कारण सूज दिसायच्या आधी दोन-चार दिवस लघवी सांगून टाकते की आजार परत येतोय.

आधी किडनीत नक्की बिघडतं काय ते

प्रत्येक किडनीत साधारण 10 लाख बारीक फिल्टर असतात, एकेक फिल्टर म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. मोठ्या माणसात दिवसाला जवळपास 180 लिटर पाणी यातून गाळलं जातं आणि बहुतेक सगळं परत रक्तात शोषलं जातं, लघवी म्हणून बाहेर येतं ते फक्त दीड-दोन लिटर. या फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांना पायांसारखे बारीक फाटे असतात आणि दोन फाट्यांच्या मधल्या फटीवर एक पातळ पडदा असतो जो मुख्यतः नेफ्रिन नावाच्या प्रोटीनचा बनलेला असतो. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, इथे अडतं, पुढे जात नाही. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये हे फाटे सपाट होतात, पडदा निकामी होतो आणि अल्ब्युमिन लघवीतून वाहून जातं, म्हणून लघवीला फेस येतो. रक्तातलं अल्ब्युमिन 3 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की पाणी रक्तवाहिन्यांत थांबत नाही, बाहेर झिरपतं, शिवाय किडनी मीठ धरून ठेवायला लागते, आणि मग सूज. लिव्हर बिचारं भरपाई करायला जास्त प्रोटीन बनवतं, त्यासोबत कोलेस्टेरॉल पण वाढतं. म्हणून चार वर्षांच्या पोराच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल 400 बघून घरच्यांनी तूप-लोणी खायला घातल्याचा दोष एकमेकांना देऊ नका, ते आजारामुळेच वाढलेलं असतं आणि आजार दबला की उतरतं.

मग हे होतं कशामुळे. लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा मिनिमल चेंज डिसीज असतो, नाव असं कारण साध्या मायक्रोस्कोपखाली किडनीचा तुकडा जवळपास नॉर्मलच दिसतो, सपाट झालेले फाटे फक्त इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये कळतात. मूळ बिघाड रोगप्रतिकारशक्तीत आहे असा बरीच वर्षं अंदाज होता, अलीकडे 2022 आणि 2024 मधल्या संशोधनात अशा बऱ्याच पेशंटच्या रक्तात त्या नेफ्रिनच्याच विरुद्ध अँटीबॉडीज, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रोटीन्स, सापडल्या. म्हणजे शरीर स्वतःच्याच फिल्टरवर उठतं. साधी सर्दी, ताप, घशाचं इन्फेक्शन झालं की आजार उलटतो तो बहुतेक त्याच कारणाने, प्रतिकारशक्ती जागी होते आणि हात चुकीच्या जागी पडतो. जास्त मीठ खाल्लं म्हणून, लघवी दाबून ठेवली म्हणून, गरोदरपणात आईने काही खाल्लं म्हणून हे होत नाही, आणि शेजारच्या मुलाला याची लागणही होत नाही. हे सासरी-माहेरी सगळ्यांना एकदा बसवून नीट सांगाच, नाहीतर सगळं खापर आईवर फुटतं.

काही मुलांमध्ये एफएसजीएस असतो, त्यात फिल्टरच्या काही भागात व्रण पडतात आणि तो औषधांना दाद द्यायला जास्त हट्टी असतो. काहींमध्ये दोष जन्मतः जीन्समध्ये असतो, नेफ्रिनचा जीन 1998 मध्ये सापडला तो फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून, तिथे जन्मतःच होणारा हा आजार जास्त दिसतो. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला सूज आली तर डॉक्टर जेनेटिक टेस्टचं बोलतात, त्याने दचकू नका.

मोठ्यांची गोष्ट वेगळी आहे. लघवीतून प्रोटीन जाण्याचं सगळ्यात मोठं कारण डायबिटीस, मग मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी (किडनीच्या फिल्टरचाच एक आजार), ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार), हिपॅटायटिस बी, वर्षानुवर्षं अंगावर काढलेला टीबी, मनाने खाल्लेल्या पेनकिलर. आणि एक कारण मला मुद्दाम सांगायचंय कारण ते आपल्या घराघरात आहे, गोरं करणारी क्रीम्स. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना लागोपाठ मेम्ब्रेनसचे पेशंट यायला लागले, खोदून विचारल्यावर कळलं की त्यातले बरेचजण लेबलचा पत्ता नसलेली फेअरनेस क्रीम लावत होते, त्यात पारा निघाला, 2023 मध्ये त्याच्या बातम्या देशभर आल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या (सीएमसी) डॉक्टरांनी पारा असलेल्या काही पारंपरिक औषधांबद्दलही हेच नोंदवलंय. लग्नसराईत बाजारात बिननावाच्या डब्या मिळतात त्या घेऊ नका, मुलीला तर अजिबात लावू नका.

अजून एक फरक लक्षात ठेवा. घसा दुखल्यावर एक-दोन आठवड्यांनी किंवा अंगावर फोड-खरूज झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी लघवी कोलासारखी काळपट-लाल झाली, कमी झाली, तोंड सुजलं आणि बीपी वाढलं तर ते नेफ्रायटिस, म्हणजे किडनीचा दाह, हा वेगळा प्रकार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे. घरी ठरवत बसू नका, दोन्हीसाठी डॉक्टर लागतातच.

आता सकाळची टेस्ट

मुलाची सकाळची पहिली लघवी स्वच्छ कोरड्या वाटीत किंवा कपात घ्यायची. दिवसातली नको, कारण पाणी पिऊन लघवी पातळ झाली की प्रोटीन खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं. मेडिकलमध्ये युरिन स्ट्रिप मिळतात, प्रोटीन आणि शुगर अशा दोन चौकोनांच्या स्वस्त पडतात, दहा चौकोनांच्या घ्यायची गरज नाही. स्ट्रिप लघवीत बुडवून लगेच बाहेर काढायची, कड वाटीला टेकवून जास्तीचं निथळू द्यायचं आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनी, बहुतेक 60, डबीवरच्या रंगांशी जुळवायची. घड्याळ लावूनच बघा हं, पाच मिनिटांनी बघितलं तर रंग गडद झालेला असतो आणि उगाच पोटात गोळा येतो. रंग पिवळा म्हणजे निल, प्रोटीन नाही, आणि हिरवट होत होत निळसर-हिरव्याकडे गेला की 3+, 4+. ट्यूबलाइटच्या उजेडात 1+ आणि 2+ मध्ये फसायला होतं, खिडकीपाशी जा. डबीचं झाकण घट्ट लावायचं, आत जी छोटी पुडी असते ती फेकायची नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही, आणि पावसाळ्यात कोकणासारख्या दमट ठिकाणी तर डबी उघडी राहिली की स्ट्रिप्स वाया.

स्ट्रिप परवडत नसतील किंवा संपल्या असतील तर जुनी उकळायची टेस्ट आहे, अजूनही डॉक्टर शिकवतात आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. काचेची टेस्ट ट्यूब, ती धरायचा चिमटा आणि स्पिरिटचा दिवा एवढंच लागतं. ट्यूब दोन तृतीयांश भरायची, तिरकी धरायची आणि फक्त वरचा भाग ज्योतीवर तापवायचा, तोंड स्वतःकडे किंवा मुलाकडे न ठेवता भिंतीकडे, कारण उकळल्यावर उडतं. अंड्यातलं पांढरं उष्णतेने जसं गोठतं तसंच लघवीतलं अल्ब्युमिन गोठतं आणि वरचा थर पांढरट होतो, खालचा न तापवलेला थर तुलनेला समोर असतोच. पांढरं दिसलं की त्यात व्हाइट व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाकायचे, गढूळपणा निघून गेला तर ते फॉस्फेट, म्हणजे लघवीतला साधा क्षार, होतं, काळजी नाही, राहिला तर प्रोटीन. मग ट्यूबच्या मागे वर्तमानपत्र धरायचं. जरासं धूसर दिसतं ते ट्रेस, गढूळ आहे पण अक्षरं वाचता येतात ते 1+, अक्षरं आहेत एवढं कळतं पण वाचता येत नाहीत ते 2+, काहीच दिसत नाही आणि कण तयार झालेत ते 3+, गुठळ्या होऊन खाली बसल्या ते 4+. पहिल्यांदा नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्या, एकदा हाताला सवय झाली की चहा उकळेपर्यंत होऊन जातं.

वहीत काय लिहायचं. तारीख, प्रोटीन किती, वजन, त्या दिवशी कुठलं औषध किती दिलं, आणि शेवटच्या रकान्यात सर्दी, ताप, जुलाब, बाहेर जेवण, लस जे काही असेल ते. वजन रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खायच्या आधी, एकाच काट्यावर. दोन-तीन दिवसांत वजन एक किलोने वर गेलं तर ते खाण्याचं नसतं, पाण्याचं असतं. मोबाईलच्या ॲपपेक्षा कागदाची वही बरी, आजोबांनाही लिहिता येते, आणि डॉक्टरांसमोर ठेवली की त्यांना सहा महिन्यांचं चित्र एका नजरेत दिसतं.

आकडे वाचायचे कसे तर सलग तीन दिवस निल किंवा ट्रेस म्हणजे रेमिशन, आजार दबला. सलग तीन दिवस 3+ किंवा 4+ म्हणजे रिलॅप्स, परत उलटला, डॉक्टरांना फोन. एखाद्या दिवशी 2+ किंवा 3+ आलं, मूल तापाने फणफणलंय, तर घाबरून जाऊ नका, पुढचे दोन दिवस बघा, बऱ्याचदा ताप उतरला की प्रोटीनही उतरतं. पण तीन दिवस वाट बघायची ती सूज नसेल तरच, सूज दिसत असेल तर त्याच दिवशी फोन. टेस्ट रोज करायची की आठवड्यातून दोन-तीनदा हे डॉक्टर सांगतील, औषध चालू असताना आणि आजारी असताना मात्र रोजच. आणि बरं वाटतंय म्हणून सोडू नका, बहुतेक मुलांना एकदा तरी रिलॅप्स येतोच, तो लवकर पकडला की सूज यायच्या आधीच औषध चालू होतं आणि ॲडमिट करायची वेळ येत नाही.

स्टेरॉइडची भीती

मुख्य औषध प्रेडनिसोलोन, हेच ते स्टेरॉइड, पहिल्यांदा आजार झाल्यावर साधारणपणे 2 मिलिग्रॅम प्रति किलो रोज, जास्तीत जास्त 60, असं सहा आठवडे आणि मग 1.5 मिलिग्रॅम प्रति किलो एक दिवसाआड अजून सहा आठवडे, इंडियन सोसायटी ऑफ पेडियाट्रिक नेफ्रॉलॉजीने 2021 मध्ये जे सांगितलंय ते हेच. म्हणजे 15 किलोच्या पोराला रोज 30 मिलिग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण हा कोर्स अर्धवट सोडण्यात जास्त धोका आहे. हे इथे देतेय ते चिठ्ठी वाचता यावी म्हणून, स्वतः डोस ठरवायला नाही. मिनिमल चेंजवाली बहुतेक मुलांची लघवी दोन ते चार आठवड्यांत साफ होते, सकाळची स्ट्रिप पिवळी राहिलेली बघणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच माहीत.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्यायची, रिकाम्या पोटी नाही. संध्याकाळी दिली तर मूल रात्री झोपत नाही. भूक प्रचंड वाढते, गाल गोल होतात, चिडचिड होते, अंगावर लव वाढते, हे सगळं डोस कमी झाला की हळूहळू जातं, त्यावरून मुलाला कोणी चिडवत असेल तर घरातल्या मोठ्यांनी तिथल्या तिथे थांबवायचं. बीपी, शुगर, उंची आणि डोळे हे मात्र डॉक्टरांकडून ठरलेल्या वेळी तपासून घ्यायचे, स्टेरॉइडने मोतीबिंदू होऊ शकतो आणि उंचीही अडकते.

गोळी अचानक बंद कधीच करायची नाही. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, एकदम बंद केलं तर उलट्या, गळून जाणं, बीपी पडणं असं गंभीर होऊ शकतं. त्यामुळे ज्याने कोणी सांगितलंय की स्टेरॉइड बंद करा आणि अमुक काढा घ्या, त्यांना नमस्कार करून आपली गोळी चालू ठेवा. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर परत द्यायची का हे आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोठा ताप, ऑपरेशन, ॲक्सिडेंट असलं काही झालं तर डॉक्टरांना आधी सांगा की गेल्या वर्षात स्टेरॉइड चालू होतं, त्या काळात डोस वाढवावा लागू शकतो.

वारंवार उलटत असेल, म्हणजे वर्षात तीन किंवा जास्त वेळा, तर लेव्हामिसोल, सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस, रिटुक्सिमॅब अशी दुसरी औषधं आहेत. सहा आठवडे रोज गोळी देऊनही लघवी साफ झाली नाही तर त्याला स्टेरॉइड रेझिस्टंट म्हणतात, तिथे बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, लागते आणि तिथे मुलांचा किडनीचा डॉक्टर हवाच, जनरल डॉक्टरांवर भागवू नका.

खाणं

सूज असेल तेव्हा मीठ कमी, बस. पापड, लोणचं, फरसाण, चिप्स, सॉस, इन्स्टंट नूडल्स, बेकरीचं सगळं बंद, भाजी-आमटीत घरच्यांपेक्षा निम्मं मीठ, वरून मीठ नाही. सैंधव पण मीठच आहे, त्याने सोडियम कमी होत नाही. स्टेरॉइडमुळे भूक लागते तेव्हा मुरमुरे, साध्या लाह्या, काकडी, भाकरीचा तुकडा, ताक बिनमिठाचं असं हाताशी ठेवा नाहीतर बिस्किटांचे पुडे संपतात आणि वजन वाढतं.

लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून पोराला प्रोटीन पावडर आणि दिवसाला सहा अंडी असं करू नका. जास्त दिलेलं प्रोटीन परत लघवीतूनच जातं. वयाप्रमाणे नेहमीचं डाळ, दूध, अंडं, उसळ पुरे. पाणी बंद करायचं की नाही हे फक्त डॉक्टरांनी सांगायचं, जुलाब-उलट्या होत असताना तर कधीच तोडू नका, या मुलांचं रक्त आधीच घट्ट झालेलं असतं, पाणी कमी पडलं की गुठळी होऊ शकते आणि किडनीवरही ताण येतो. सूज उतरवायची गोळी चालू असेल आणि जुलाब लागले तर ती द्यायची का हे लगेच फोन करून विचारा.

लस आणि इन्फेक्शन

अल्ब्युमिनसोबत रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडीजही लघवीतून जातात, वर स्टेरॉइड, त्यामुळे साधं इन्फेक्शनही पटकन वाढतं. न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूविरुद्धची) आणि दरवर्षीची फ्लूची लस नक्की घ्या, घरातल्या बाकीच्यांनीही फ्लूची घेतली तर उत्तम. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची), कांजिण्यांची, तोंडातून द्यायचा पोलिओ, या मोठ्या डोसच्या स्टेरॉइडवर असताना देत नाहीत, पल्स पोलिओच्या दिवशी बूथवर नेण्याआधी विचारून घ्या, लहान भावंडांसाठीसुद्धा. वर्गात कोणाला कांजिण्या आल्या असं कळलं तर पुरळ यायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, पहिल्या चार दिवसांत द्यायचं इंजेक्शन असतं. शाळेच्या बाईंना हे आधीच सांगून ठेवा, त्या फोन करतात. शाळा मात्र बंद करू नका, रेमिशनमध्ये मूल खेळू दे, पळू दे.

ताबडतोब कधी निघायचं

ताप आणि पोटात जोरात दुखणं, पोटाला हात लावू देत नाही, हे सगळ्यात धोक्याचं, पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालेलं असू शकतं, रात्री दोन वाजले तरी निघायचं. एकच पाय सुजून दुखतोय, अचानक भयंकर डोकेदुखी, झटका, सुस्ती, धाप लागणं, लघवी बारा तासांत जवळपास झालीच नाही किंवा लाल झाली, जुलाब-उलट्या थांबत नाहीत, मांडीवर किंवा पोटावर लाल गरम चट्टा पसरतोय, यातलं काहीही असलं तरी थांबायचं नाही. दवाखान्यात गेल्या गेल्या पहिलं वाक्य, मुलाला नेफ्रॉटिक आहे आणि स्टेरॉइड चालू आहे. ताप म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा तसलं कुठलं पेनकिलर सिरप देऊ नका, पॅरासिटामॉल चालतं, डोस वजनाप्रमाणे.

गणपतीला, मे महिन्यात गावी जाताना औषधं जायच्या दिवसांपेक्षा एक आठवडा जास्तीची घ्यायची, कारण प्रेडनिसोलोनची नेमकी तीच ताकद तालुक्याच्या मेडिकलमध्ये असेलच असं नाही. सोबत स्ट्रिपची डबी, वही, शेवटचा डिस्चार्ज पेपर आणि लघवी-रक्ताचे रिपोर्ट यांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये, आणि डॉक्टरांचा नंबर आजी-आजोबांच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवायचा. प्रसादाच्या ताटातलं फरसाण आणि चिवडा आधीच बाजूला काढायला सांगा, मोदक खाऊ दे.